दुसऱ्यांदा

कमानिया गेटच्या अलीकडे ई-रिक्षा अडकली. पुढे शिंगाड्यांची हातगाडी आडवी झाली होती आणि हातगाडीवाला व एक स्कूटरवाला एकमेकांना सवयीने, फारसा राग न येता शिव्या देत होते. प्रमोदिनीबाईंनी मांडीवरची पिशवी सावरली. पिशवीत रजईच्या नव्या खोळी होत्या. थंडी अजून पडायची होती, पण दिवाळी झाली की त्यांचे यजमान अच्युतराव खोळींसाठी मागे लागत, आणि जुन्या पार विरल्या होत्या. गर्दी सुटायची वाट पाहताना माणूस जसं कुठेही बघतो, तसं त्यांनी डावीकडे बघितलं. केस कापायचं दुकान होतं. दार उघडं, आत ओळीने खुर्च्या, समोर सलग आरसा, कोपऱ्यात मोठ्या आवाजात चाललेली क्रिकेटची मॅच. दोन खुर्च्यांवर पुरुष बसले होते आणि तिसरीवर बाई. आधी एवढंच लक्षात आलं, की बाई आहे. पुरुषांच्या दुकानात ही काहून बसली असेल असा विचार मनात येतो न येतो तोच न्हाव्याचा हात बाजूला झाला आणि आरशात विनताचा चेहरा दिसला. डोळे मिटलेले. गळ्याभोवती पांढरं कापड. अर्धं डोकं उघडं, निळसर. उरलेल्या अर्ध्यावर दोन महिन्यांत आलेले, आत्ता कुठे कंगव्याला लागू लागलेले काळे केस. न्हाव्याने वस्तरा कापडाला पुसला. रिक्षा हलली.

'भैया, रोको,' असं म्हणायचं होतं. शब्द तयारही झाले होते. पण ते तोंडापर्यंत आले नाहीत, आणि दुकान मागे गेलं, मग कमान गेली, मग बांगड्यांची दुकानं. प्रमोदिनीबाई मान वळवूनही बघू शकल्या नाहीत. मान लाकडाची झाली होती. खोळींच्या पिशवीचे बंद त्यांनी इतके आवळून धरले होते की घरापाशी उतरताना रिक्षावाला म्हणाला, "माताजी, तबीयत ठीक है ना?" त्या म्हणाल्या, "हां हां." आणि पैसे देऊन फाटकाशी तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या हातून कोणी काही हिसकावून नेलं होतं, आणि काय नेलं हे त्यांना आठवत नव्हतं, असं काहीसं वाटत होतं.

सून होती ती त्यांची. नवरा जिवंत, कपाळावर टिकली, गळ्यात मंगळसूत्र, आणि डोक्यावर केस नाहीत. हे त्यांनी एकदा बघितलं होतं आणि पचवलंही होतं. पहिल्या वेळी. सप्टेंबरात, शाल्मलीच्या वाढदिवसाला, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये. शाल्मली म्हणजे शैलेंद्र आणि विनताची एकुलती एक मुलगी, त्यांची नात, शमू. तिला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा ती पहिलीत होती. नागपूरला उपचार झाले, बरी झाली, शाळेत गेली, पुन्हा उलटला, आणि त्या वेळी मात्र गेली. त्यानंतर शैलेंद्रनेच काढलं, की आपण काहीतरी करू. नागपूरला त्या वॉर्डात जबलपूरची, मंडल्याची, डिंडोरीची कितीतरी पोरं असतात, त्यांच्या आईबापांना राहायला जागा नसते, जेवायचं नसतं, औषध मध्येच सुटतं. तेव्हापासून दर वर्षी तिच्या वाढदिवसाला कार्यक्रम व्हायचा. प्रमोदिनीबाई अनारसे आणि चकल्या करून द्यायच्या, मंडळातल्या बायका स्टॉल लावायच्या, खमरियाच्या फॅक्टरीतले शैलेंद्रचे सोबती पावत्या फाडायचे. स्टेजवर मागे फलक लागायचा, त्यावर शमूचा फ्रॉकमधला फोटो आणि खाली 'शाल्मली स्मृती'. सगळं नीट व्हायचं. घरातला एक खांब काढून घेतला होता आणि त्याच्या जागी हा टेकू लावला होता, आणि छप्पर टिकून होतं.

या वर्षी शैलेंद्र जेवताना म्हणाला होता, "आई, यंदा विनता केस देणार आहे. तिच्या शाळेतल्या मुलांनी सगळीकडे कळवलं आहे, खूप लोक मदत करतील." प्रमोदिनीबाईंना वाटलं होतं, वेणी देईल. आजारी पोरांसाठी टोप करतात, त्याला लांब केस लागतात, हे त्यांनी वाचलं होतं. विनताचे केस कमरेपर्यंत होते. त्या म्हणाल्या होत्या, "दे की, पुन्हा वाढतील." आणि मग पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या असताना स्टेजवर खुर्ची आली, न्हावी आला, विनता बसली, वेणी कापून ताटात ठेवली गेली, आणि त्या टाळ्या वाजवायला हात उचलतात तर मशीन सुरू झालं. कपाळापासून मागे, एकच पट्टा. खाली पांढरी कातडी. फोटोसाठी शैलेंद्रनेही मशीन हातात धरून दुसरा पट्टा काढला, आणि हॉलभर टाळ्या पडल्या. लोक उभे राहिले. शेजारच्या बाईने त्यांचा हात दाबून म्हटलं, "धन्य आहे हो तुमची सून." त्या टाळ्यांवर प्रमोदिनीबाई कशाबशा तरंगल्या. पायाखाली काही नव्हतं, पण आवाज होता, आणि आवाजाने धरून ठेवलं. घरी आल्यावर त्यांना उलटी झाली. अच्युतराव म्हणाले, "हॉलमध्ये गरम फार होत होतं."

आज टाळ्या नव्हत्या. क्रिकेट चालू होतं.

विनता तासाभराने आली. डोक्याला ओढणी गुंडाळलेली. तिने चपला काढल्या, ओढणी सोडून खुंटीला अडकवली, माठातलं पाणी घेतलं आणि उभ्यानेच प्यायली. मग म्हणाली, "बघितलं ना तुम्ही, आई? रिक्षा दिसली मला."

"डोळे तर मिटले होते तुझे."

"नंतर उघडले."

प्रमोदिनीबाई सोफ्यावर बसल्या होत्या. खोळी पिशवीतच होत्या. "पुन्हा काही कार्यक्रम ठरला आहे का शाळेत? मला कोणी सांगत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांना जाणवलं की आपण विनवून राहिलो आहोत. हो म्हण, बाई. काहीतरी सांग.

"नाही. कार्यक्रम नाही."

"मग काहून?"

विनताने भांडं माठावर पालथं घातलं. "करायचं होतं," ती म्हणाली. एवढंच बोलून ती आत गेली आणि सहामाहीचे पेपर तपासायला बसली. ती रांझीच्या एका शाळेत गणित शिकवायची. पेपर उलटल्याचा आवाज नेहमीसारखा, एका लयीत येत राहिला, आणि प्रमोदिनीबाईंना त्या आवाजाचीच जास्त भीती वाटली.

अच्युतराव फिरून आले. त्यांनी सुनेकडे बघितलं, लगेच नजर काढून घेतली, टीव्हीचा रिमोट शोधला, टीव्ही न लावता तो परत ठेवला आणि स्वतःशीच म्हणाले, "चलो, ठीक है." वीज मंडळात पस्तीस वर्षं नोकरी केलेला हा माणूस. लाइन तुटली, ट्रान्सफॉर्मर जळला, की असंच म्हणायचा आणि कामाला लागायचा. आज लागायला काम नव्हतं. ते देवघरात गेले, बाहेर आले, पुन्हा फिरायला गेले. शैलेंद्र संध्याकाळी फॅक्टरीतून आला तेव्हा दारातच थबकला. हेल्मेट हातात, तोंडावर हेल्मेटचे वळ. "विनू, हे काय करून बसलीस?" ती म्हणाली, "चहा ठेवते." चहा झाल्यावर तो स्वयंपाकघरात आईच्या मागे येऊन हळू आवाजात बोलायला लागला. "डॉक्टरला दाखवावं लागेल आई. मन का असर है ये. लोक काय म्हणतील हे सोड, पण हे नॉर्मल नाही." प्रमोदिनीबाईंच्या ओठावर आलं होतं, की दोन महिन्यांपूर्वी मशीन तूच धरलं होतंस, तेव्हा नॉर्मल होतं? पण त्याचा चेहरा बघितला आणि त्यांनी कप विसळायला घेतले. तोही घाबरला होता. गेली चार वर्षं तो पावत्या, बॅनर, नागपूरच्या खेपा, धन्यवादाची पत्रं यांत इतका गुंतला होता की घाबरायला त्याला सवडच झाली नव्हती, आणि आता सगळं एकदम आलं होतं.

त्या रात्री डोळा लागेपर्यंत आणि सकाळी उठल्याबरोबर प्रमोदिनीबाईंना अंजनीआत्या दिसत राहिल्या. त्या वडिलांच्या आत्या, पण घरात लहानमोठे सगळेच त्यांना आत्या म्हणत. दीक्षितपुऱ्यातलं भाड्याचं घर, पुढे दोन खोल्या आणि मागे अंगण. प्रमोदिनी सात-आठ वर्षांची. नवा प्रांत नुकताच झाला होता. पुढच्या खोलीत मोठी माणसं तावातावाने बोलत, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, आता आपल्याला कोण विचारतं, आपण इथे परकेच. आणि मागच्या अंगणात अंजनीआत्यांसाठी न्हावी येई. तो पुढच्या दाराने कधी आला नाही. पोरांना आत घेऊन दार लावलं जाई. आत्यांचं लग्न झालं तेव्हा त्या परकरात होत्या आणि नवरा गेला तेव्हाही त्या फार मोठ्या नव्हत्या. तेव्हापासून म्हाताऱ्या होईपर्यंत, केस दिसायला लागले की न्हावी. एकदा दाराच्या फटीतून प्रमोदिनीने बघितलं. आत्या भिंतीकडे तोंड करून उकिडव्या बसल्या होत्या. लाल आलवण खांद्यावर उतरलेलं. न्हावी आणि त्या एक अक्षर बोलत नव्हते. डोकं एवढंसं होतं, एखाद्या पोराचं असावं तसं, आणि मानेवर खोलगट खळी. त्यानंतर आत्या अंगणातच न्हाल्या, आलवण डोक्यावरून घेतलं आणि तांदूळ निवडायला बसल्या. प्रमोदिनी त्यांच्याजवळ गेली आणि विचारलं, "आत्या, दुखतं?" आत्या म्हणाल्या, "तू बघितलंस?" मग म्हणाल्या, "बघू नये ग. मी असते तेव्हा बघू नये." त्या वेळचा त्यांचा चेहरा प्रमोदिनीबाईंना साठ वर्षांनंतरही नीट आठवत होता. रडवेला नव्हता. नागडं असताना कोणी दार उघडलं तर होईल तसा होता.

आणि ही उघड्या दाराच्या दुकानात, रस्त्याकडे पाठ करून, अनोळखी पुरुषांच्या ओळीत बसली होती. कोणी पाठवलं नव्हतं तिला. हेच कुठे बसत नव्हतं. ज्या गोष्टीपासून बायकांना सोडवायला पिढ्या गेल्या, ज्यासाठी प्रमोदिनीबाईंच्या आईने सासऱ्यांच्या तोंडावर सांगितलं होतं की यापुढे या घरात न्हावी येणार नाही, आला तर मी माहेरी जाईन, ती गोष्ट ही पोरगी पैसे देऊन, आपल्या पायांनी जाऊन करून आली होती. प्रमोदिनीबाईंना राग यावा असं वाटत होतं. राग आला असता तर बरं झालं असतं. पण आत फक्त एक पांढरा, सपाट धक्का होता, वीज गेल्यावर खोलीत होतं तसं, आणि डोळे सरावत नव्हते.

विनता नेहमीसारखी शाळेत गेली आणि दुपारच्या आधीच परत आली. मुख्याध्यापिकेने बोलावून घेतलं होतं. "मैडम, कोई नया अभियान है क्या? पिछली बार तो हमने असेंबली में सम्मान किया था," असं विचारलं होतं. विनता नाही म्हणाल्यावर त्या बाई गोंधळल्या होत्या. पालक विचारतील, लहान मुलं घाबरतात, स्कार्फ बांधा, नाहीतर थोडे दिवस आराम करा. "मग?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं. "आराम करायला सांगितलं तर आराम करते," विनता म्हणाली. "स्कार्फमध्ये मला गरम होतं." ती बोलताना हसली. खरोखर हसली. हे हसणं शमू गेल्यापासून घरात कोणी बघितलं नव्हतं, आणि त्याने प्रमोदिनीबाईंच्या अंगावर काटा आला. मग तिने हात मागे नेला आणि बोटांनी डोक्याचा मागचा भाग हळूहळू चाचपला, जिभेने दुखरा दात चाचपावा तसा, आणि तो हात तिथेच ठेवून खिडकीतून बाहेर बघत राहिली. हे ती कालपासून करून राहिली होती. पेपर तपासताना, चहा पिताना. प्रमोदिनीबाईंनी नजर वळवली. मी असते तेव्हा बघू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या नंदाताई आल्या. नंदाताई मूळच्या वर्ध्याकडच्या, मोठ्या आवाजाच्या, मोठ्या मनाच्या. शमूच्या आजारपणात घरचे सगळे नागपूरला असताना इथल्या तुळशीला पाणी त्यांनी घातलं होतं. त्या दारातूनच बोलत आल्या. "प्रमोदिनीताई, हे घ्या. मागच्या वेळी आम्ही लग्नाला गेलो होतो, राहून गेलं. आमचे हे म्हणाले, विनतानं पुन्हा केलं, आता तरी दे." त्यांनी लिफाफा पुढे केला. प्रमोदिनीबाईंना क्षणभर काही कळलं नाही.

"कोण म्हणालं?"

"अच्युतरावच म्हणाले ना बगिच्यात, सगळ्यांना. पुन्हा थोडी मदत जमा करून राहिलो, म्हणून सुनेनं पुन्हा केस दिले. हे तर म्हणत होते, अशी बाई पाहिली नाही."

आतल्या दाराशी अच्युतराव वर्तमानपत्र घेऊन उभे होते. त्यांनी बायकोकडे बघितलं आणि लगेच वर्तमानपत्रात बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. म्हणजे परवा ते पुन्हा फिरायला गेले ते यासाठी. लाइन जोडायला. प्रमोदिनीबाईंना दिसलं की आता काय होणार. हा लिफाफा, मग दुसरा, मग बगिच्यातल्या सगळ्यांचे, मंडळाचा फोन, शैलेंद्रच्या पावत्या निघतील, पोरांना औषधं जातील, त्यात वाईट काय, आणि विनताच्या डोक्यावर पुन्हा ते टाळ्यांचं कापड घातलं जाईल. सगळं नीट होईल. त्यांचा हात सवयीने पुढे झाला. लिफाफा हातात आला. "बसा ना, चहा ठेवते," त्या म्हणाल्या, आणि ते बोलणारी बाई आपणच आहोत हे त्यांना लांबून ऐकू आलं.

विनता बाहेर आली. डोकं तसंच उघडं; सकाळच्या उन्हात ते चकाकत होतं आणि त्यावर परवापासून आलेली सावळी साय होती. "नंदाकाकू," ती शांतपणे म्हणाली, "हे न्या परत. द्यायचे तर पोरांसाठी द्या, मी पावती देईन. पण मी हे त्यांच्यासाठी नाही केलं. या वेळी कोणासाठीच नाही."

नंदाताई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या. "मग काहून केलं पोरी?" त्यांच्या विचारण्यात खोच नव्हती. त्यांना खरंच कळत नव्हतं.

अच्युतराव म्हणाले, "अरे, ते असं आहे नंदाताई—" आणि प्रमोदिनीबाईंच्या तोंडून आलं, "तिची पोरगी मेली म्हणून."

अच्युतरावांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. प्रमोदिनीबाई स्वतःच दचकल्या. हा शब्द या घरात कोणी काढला नव्हता. गेली, नाही राहिली, देवाघरी, आमच्या शाल्मलीच्या स्मृतीप्रीत्यर्थ. चार वर्षांत त्यांनी सगळ्यांनी मिळून इतके शब्द गोळा केले होते, आणि हा एक दाराबाहेर उभा होता. तो आत आला तेव्हा वाटलं, आता काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. "मेली ना ती," त्या पुन्हा म्हणाल्या, आता नंदाताईंना समजावून सांगितल्यासारखं. "आमची शमू मेली, नंदाताई. आम्ही चकल्या विकून राहिलो आहोत. दर वर्षी चकल्या. हिनं डोकं केलं, त्यात हिचं काय चुकलं?"

नंदाताई दारातल्या पायरीवर खाली बसल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला नाही, की 'असं बोलू नये' असं म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "हो." मग म्हणाल्या, "हो बाई." मग पाणी मागितलं. अच्युतरावांनीच आणून दिलं. पाणी पिऊन त्या उठल्या, विनताजवळ गेल्या, तिच्या गालाला हात लावला आणि निघाल्या. लिफाफा टेबलावरच होता. जाताना म्हणाल्या, "तो राहू द्या. पावती नको." अच्युतराव त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले आणि बराच वेळ फाटक धरून तिथेच उभे राहिले, पाठमोरे. त्यांचे खांदे हलताहेत हे खिडकीतून दिसत होतं. प्रमोदिनीबाईंनी त्यांना हाक मारली नाही.

"आई," विनता म्हणाली, "भूक लागली."

सकाळची वेळ, जेवणाला अजून अवकाश होता. पण वरण-भात झाला होता. प्रमोदिनीबाईंनी ताट वाढलं. विनता खाली, स्वयंपाकघराच्या फरशीवरच मांडी घालून बसली, शमू बसायची तशी, भिंतीला टेकून नव्हे तर पुढे वाकून, आणि भराभर जेवायला लागली. प्रमोदिनीबाई तूप वाढायला वाकल्या. त्यांनी इतक्या वरून, इतक्या जवळून ते डोकं अजून बघितलंच नव्हतं. पहिल्या वेळी स्टेज लांब होतं, आणि नंतर त्यांनी बघणं टाळलं होतं. आता बघितलं. आलेल्या बारीक केसांची रेघ न् रेघ स्पष्ट दिसत होती. माथ्याच्या मागे त्या रेघा वळत, फिरत, पाण्यात भोवरा व्हावा तशा एका ठिपक्याभोवती गोल जात होत्या. आणि त्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर, दुसरा. उलट्या दिशेने फिरणारा.

तुपाची वाटी त्यांच्या हातात राहिली.

शमूला दोन भोवरे होते. तिचं जावळ काढलं तेव्हा याच घरात, मामाच्या मांडीवर ती किंचाळत होती आणि केस गेल्यावर सगळ्यांना ते दिसले होते. केवढी थट्टा झाली होती. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, शैलेंद्र, आत्तापासून जमवायला लाग. हे कोणाकडून आले म्हणून प्रमोदिनीबाईंनी स्वतः अच्युतरावांचं डोकं बघितलं, शैलेंद्रचं बघितलं, विनताच्या भावाचं बघितलं. कोणाला नव्हते. मग केस वाढले आणि विसरून गेलं. पुन्हा दिसले ते नागपूरला, औषधांनी केस गेले तेव्हा; ती उशीवर कूस वळवून झोपायची आणि हे दोन भोवरे खोलीकडे बघत असायचे.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

विनताने घास गिळला. काय, हे तिला विचारावं लागलं नाही. "नाही. मला कसं माहीत असणार? माझं जावळ काढलं तेव्हा कोणी बघितलं असेल तर असेल, माझी आई तर कधीची गेली. नंतर कायम वेणीच." ती ताटात बघत बोलत होती. "कार्यक्रमानंतर आठवड्यानं फोटोवाल्यानं सगळे फोटो पाठवले ना. मी शाळेतच होते, फोनवर बघत होते. त्यात एक मागून काढलेला होता, नुसतं डोकं. मी म्हटलं, शमूचा फोटो ह्यात कसा मिसळला? मी त्या फोटोवाल्याला रागावायला फोनसुद्धा लावला. तो म्हणाला, मैडम, ये तो आप हैं. मग मी नीट बघितलं तर खाली माझ्या साडीचा काठ होता."

बाहेर फाटक वाजलं.

"तेव्हापासून मी हात लावून बघत होते. केस उलटसुलट लागतात तिथे, कळतं बोटांना. मग ते वाढायला लागले. सगळे म्हणायचे, छान येऊन राहिले, आता लवकर वाढतील. रोज थोडं थोडं झाकून जायचं. परवा आंघोळीनंतर हात लावला तर काहीच लागेना, आई. नुसते केस. मला वाटलं, पुन्हा चालली ही." तिने डाव्या हाताने डोळे पुसले, उजवा भातात होता. "हे शैलेंद्रला कसं सांगू? तो डॉक्टर शोधून राहिला."

प्रमोदिनीबाईंनी वाटी ओट्यावर ठेवली आणि त्या सुनेच्या मागे जाऊन खाली बसल्या. गुडघे दुखले, तरी बसल्या. किती वर्षं त्यांनी या डोक्याला तेल लावून दिलं होतं, लग्नानंतर पहिल्या दिवाळीला, डोहाळजेवणाच्या दिवशी, वेणीत गजरा माळला होता, आणि बोटांखाली हे होतं.

"मान जरा खाली कर," त्या म्हणाल्या.

विनताने मान खाली केली.